शाळा सुटल्यावर मैदान कुणाचं?

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचं काय काम, असं कुणीही विचारेल. पण मोकळी जागा एकच आणि हक्क सांगणारे अनेक, हा प्रश्न आपल्याला काही परका नाही. मुलांचं खेळणं की गाड्यांचं पार्किंग, यावर कोणत्या सोसायटीच्या वार्षिक सभेत आवाज चढलेले नाहीत? हाच प्रश्न एका अख्ख्या शहराने कसा हाताळला, त्याची ही हकिगत.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मुंबईत महापालिका बागाही सांभाळते आणि स्वतःच्या शाळाही चालवते. टेक्सासमध्ये तसं नाही. तिथे शाळांचं मंडळ महापालिकेहून पूर्ण वेगळं. त्याची निवडणूक वेगळी, मालमत्ता कर वेगळा, जमीनही वेगळी. शिवाय एकट्या ह्यूस्टन शहराच्या हद्दीत अशी अनेक मंडळं येतात. त्यामुळे शाळेचं मैदान संध्याकाळी रिकामं दिसलं तरी नगरपालिकेला तिथे साधं बाकही ठेवता येत नाही. जमीन दुसऱ्याची!

हा पेच पहिल्यांदा ह्यूस्टनलाच पडला असं नाही. न्यूयॉर्कचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी 1938 मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाशी करार केला. शाळेला लागून क्रीडांगण करायचं, शाळेच्या वेळात ते शाळेचं, एरवी सगळ्यांचं. मोझेस हा माणूस वादग्रस्त. रस्ते आणि पूल बांधताना त्यांनी हजारो लोकांना घरांतून उठवलं. पण ही त्यांची कल्पना टिकली. 2007 मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी 2030 पर्यंत प्रत्येक नागरिकाला दहा मिनिटं चालण्याच्या आत बाग मिळावी असं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हा पुन्हा शाळांच्या अंगणांकडेच नजर वळली. असं एक-दोन नव्हे, 290 अंगणं खुली करायचं ठरलं.

ह्यूस्टनची गोष्ट मला जास्त आवडते ती एका बाईमुळे. एलिनॉर टिन्सली. 1969 मध्ये त्या शाळा मंडळावर निवडून आल्या, पुढे मंडळाच्या अध्यक्षही झाल्या. गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एकत्र शिकावं या बाजूच्या त्या होत्या. तेव्हाच्या ह्यूस्टनमध्ये ही भूमिका सोपी नव्हती. 1973 ची निवडणूक त्या हरल्या. मग 1979 मध्ये नगर परिषदेवर निवडून आल्या. त्या आणि क्रिस्टिन हार्टुंग या परिषदेतल्या पहिल्या दोन महिला. म्हणजे कुंपणाच्या दोन्ही बाजूंचं दप्तर त्यांना ठाऊक होतं.

तेलाच्या तेजीत ह्यूस्टन वेडंवाकडं वाढलं होतं. कुठे काय बांधावं हे ठरवणारा झोनिंगचा कायदाच तिथे नाही, आजही नाही. घरं झाली, दुकानं झाली, बागा मागे राहिल्या. नवी जमीन घ्यायची तर पैसा कुठून आणायचा? 1983 मध्ये टिन्सली यांनी म्हटलं, जमीन आहेच की, शाळांच्या मागे! त्यातून ‘स्पार्क’ ही योजना निघाली. स्कूल आणि पार्क हे दोन शब्द जोडून केलेलं नाव.

योजनेची खरी करामत पैशाच्या वाटणीत आहे. शहरांना केंद्र सरकारकडून वस्तीविकासासाठी जो निधी मिळतो त्यातला काही, शाळा मंडळाचा काही, कंपन्यांच्या आणि दानशूर संस्थांच्या देणग्या, आणि वर शाळेने स्वतः जमवलेली रक्कम. आराखडाही वरून येत नाही. शिक्षक, पालक, आसपासचे रहिवासी आणि मुलं बसून ठरवतात. चालायची पायवाट, बाकं, झोपाळे-घसरगुंड्या, कुठे झाडाखालचा वर्ग. बहुतेक ठिकाणी मुलांच्या हातची एखादी कलाकृती, रंगीत फरश्यांची नक्षी नाहीतर भिंतीवरचं चित्र. दिवसा मैदान शाळेचं. शाळा सुटल्यावर आणि शनिवार-रविवारी वस्तीचं. अशी दोनशेहून जास्त मैदानं आजवर झाली आहेत.

जमीन वाटून घेतली म्हणजे कटकटी संपल्या असं मात्र नाही. गवत कुणी कापायचं, पाण्याचं बिल कुणाचं, मूल पडलं तर जबाबदारी कुणाची, आणि फाटकाची किल्ली कुणाकडे, या सगळ्याचं उत्तर करारात लिहावं लागतं. (आपल्या क्लबहाऊसच्या किल्लीचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.)

किल्लीचा प्रश्न अलीकडे जिवाचा झाला आहे. मे 2022 मध्ये टेक्सासमधल्याच युव्हाल्डी गावात एका बंदूकधाऱ्याने शाळेत शिरून 19 मुलं आणि 2 शिक्षिकांना मारलं. त्यानंतर राज्यात शाळांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. ज्या फाटकाने शेजारपाजाऱ्यांना आत यावं म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच फाटकाकडे आई-बाप आता धास्तीने पाहतात. त्यांना चूक कसं म्हणणार?

टिन्सली हे पाहायला नव्हत्या. 2009 मध्ये त्या वारल्या. 1995 पर्यंत त्या परिषदेवर होत्या. बफेलो बायू नदीच्या काठी त्यांच्या नावाची मोठी बाग आहे. तिथल्या हिरवळीवरून शहराच्या उंच इमारती समोर दिसतात. ती बाग मात्र नेहमीसारखी, नगरपालिकेच्या जमिनीवरची.