पूनावालांचे घोडे आणि परळची हाफकिन

कोविडमध्ये इथं नागपुरात आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेली कोविशिल्ड पुण्याच्या खासगी सीरम इन्स्टिट्यूटची. पण तिची मुळं परळच्या सरकारी हाफकिन संस्थेपर्यंत जातात. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिनकडे जात. त्यांच्या रक्तातून तिथं धनुर्वातावरचं सीरम निघे. मग घोडे आपले, तर सीरमही आपणच का काढू नये? १९६६ साली कंपनी निघाली. नावातच आलं बघा सगळं. पुढे ती वाढत गेली. सरकारी बाजूला मात्र २००८ मध्ये निकषांवर बोट ठेवून कसौली, कुन्नूर, गिंडी इथलं लस-उत्पादन केंद्रानंच थांबवलं. कारखाने सुधारता आले नसते का? एप्रिल २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन बनवण्याच्या तयारीला हाफकिननं १२ महिने मागितले, केंद्रानं ६ दिले. नागपुरात तेव्हा खाटा मिळत नव्हत्या.