फुकटचा मुक्काम

अमेरिकेत सरकारी जंगलात फुकट तंबू ठोकता येतो, हे आईला अजून खरं वाटत नाही. नळ नाही, संडास नाही, बुकिंग नाही; बहुतेक ठिकाणी १४ दिवसांनी गाशा गुंडाळायचा, इतकंच! मलाही याचं भारी कौतुक. पण कोलोरॅडोतल्या आमच्या लाडक्या व्हाइट रिव्हर जंगलाची सनावळी बघा. राखीव झालं १८९१ साली. त्याआधी दहाच वर्षं, १८८१ मध्ये, इथल्या यूट लोकांना युटाहमध्ये हाकललेलं. उन्हाळ्यात वर पठारावर शिकार, थंडीत खाली नदीकाठी, असा त्यांचा फिरता मुक्काम. (तोही फुकटच म्हणायचा!) १८८७ मध्ये कोलोरो हा त्यांचा म्हातारा नायक माणसं घेऊन शिकारीला परत आला, तर शिकारीचे कायदे दाखवून राज्याच्या सैनिकांनी गोळीबार करत सगळ्यांना पुन्हा युटाहकडे पिटाळलं. बरोबर बायकामुलंही होती.