साखरेचे रेशन : कोणीच न योजलेला एक प्रयोग

हिमायतनगरच्या परिसरातील एखाद्या घरी वृद्ध आजीला विचारून पाहावे, ‘तुमच्या लहानपणी पाहुण्याला काय देत?’ ‘गूळ-पाणी,’ असे उत्तर मिळण्याचा संभव बराच आहे. आज मात्र पाहुण्यापुढे साखरेचा चहा येतो. या बदलामागे इतिहास आहे. १९३२ साली सरकारने संरक्षक जकात बसवली आणि देशात साखर कारखाने भराभर उभे राहिले. हिमायतनगर तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. त्याच संस्थानात बोधन येथे १९३७ साली निजाम शुगर फॅक्टरी स्थापन झाली. तिच्या वसाहतीचे नावच शक्करनगर! स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरपासून सहकारी कारखान्यांचे युग सुरू झाले, ते पुढे मराठवाड्यातही पोचले. सणावाराची साखर रोजची झाली.

ही साखर कमी केली तर प्रकृतीत काय फरक पडेल? प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर मिळवणे कठीण. मधुमेह बहुधा प्रौढ वयात दिसतो. त्यासाठी काही बाळांना साखर द्यायची, काहींना नाही, आणि पन्नास वर्षे वाट पाहायची, असा प्रयोग कोण करणार? शिवाय कमी साखर खाणाऱ्यांचे उत्पन्न, व्यायाम, इतर आहार हेही वेगळे असू शकतात. मग फरक साखरेचा की या गोष्टींचा?

इथे इतिहास मदतीला आला. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४० मध्ये, ब्रिटनने साखरेवर रेशन लावले. ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि माणशी रोजची साखर सुमारे ४० ग्रॅमवरून लवकरच जवळजवळ दुप्पट झाली. त्यामुळे काही महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या, एकाच देशात वाढलेल्या मुलांचे दोन गट आपोआप तयार झाले.

ऑक्टोबर १९५१ ते मार्च १९५६ या काळात जन्मलेल्या सुमारे ६० हजार व्यक्तींच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. निष्कर्ष २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात ज्यांच्या वाट्याला रेशनची साखर आली, त्यांच्यात टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. ज्यांना हे आजार झाले, त्यांनाही ते अनुक्रमे चार व दोन वर्षे उशिरा झाले. यातील सुमारे एक तृतीयांश लाभ केवळ गर्भावस्थेतील रेशनचा होता.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दुर्लक्षही करता येणार नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली. आपली बाळे वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी मात्र टिकून होती. म्हणजे पुढच्या मधुमेहाची पार्श्वभूमी इथे जन्मापासूनच तयार असू शकते. अशा बाळाला चहात बुडवलेले बिस्कीट भरवताना आपण थोडे थांबायला हवे.

‘मग गूळ चालेल ना?’ असे पालक विचारतात. गुळाचा मोठा भाग साखरेचाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेत वरून घातलेली साखर, गूळ, मध हे सारे एकाच हिशेबात येते. या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले. दिवसाला २००० कॅलरी धरल्या, तर ५ टक्के म्हणजे १०० कॅलरी. एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, म्हणून २५ ग्रॅम. साधारण पाच-सहा चहाचे चमचे!

हे गणित वर्गात जरूर करावे. मुलांनी आठवडाभर घरातल्या साखर-गुळाची नोंद ठेवावी, बिस्किटाच्या पुड्यावरील आकडे वाचावेत आणि आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणाचे विचारावे. दोन पिढ्यांचे आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी मांडले, की इतिहास आणि आरोग्य हे विषय वेगळे शिकवण्याची गरज उरत नाही.