भविष्याची पंगत

अमेरिकेत विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची संमेलने भरतात. आपल्या साहित्य संमेलनाशी त्यांची तुलना करता येते, पण फार ताणता येत नाही. शुक्रवारी माणसे एखाद्या हॉटेलात जमतात आणि रविवारी दुपारी पांगतात. ग्रंथदिंडी नाही, मंत्री नाही, स्वागताध्यक्ष नाही. वर्गणी भरून आलेला प्रत्येक जण सभासद. परिसंवाद होतात, लेखक आपल्या कथा वाचतात, पुस्तकांचे गाळे लागतात, कोणी परग्रहावरच्या प्राण्याचा वेष करून हिंडतो, रात्री खोल्याखोल्यांतून गप्पा रंगतात. एक तास असाही असतो, की लेखक टेबलामागे बसतात आणि वाचक सह्या घ्यायला रांग लावतात. त्या टेबलाविषयी मला लिहावयाचे आहे.

हा विषय या पानांवर कशाला, असे कोणी विचारील. काळ्या अमेरिकनांचे साहित्य आपल्या चळवळीला परके नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तेव्हा हे नाते नावातूनच उघड झाले. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या चर्चांतून येत राहिली. पण आपल्यापर्यंत पोचला तो मुख्यतः त्यांचा भोगवटा: गुलामी, वस्ती, पोलीस, चर्च. ज्या काळ्या माणसाने बत्तिसाव्या शतकातील अंतराळयानाचा कप्तान रंगवला, तो आपल्या चर्चेत फारसा आला नाही. असे का व्हावे, हा प्रश्न त्या सह्यांच्या टेबलाशी निगडित आहे.

पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन २ ते ४ जुलै १९३९ या दिवसांत न्यूयॉर्कला भरले. त्याच शहरात तेव्हा ‘उद्याचे जग’ असे ब्रीद मिरवणारे जागतिक प्रदर्शन चालू होते. संमेलनाला सुमारे दोनशे माणसे आली, आणि पहिल्याच दिवशी सहा जणांना दारातून परत पाठवण्यात आले. फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वॉलहाइम, सिरिल कॉर्नब्लुथ वगैरे डाव्या विचारांची ही तरुण मंडळी. ते गोंधळ घालतील, पत्रके वाटतील, अशी आयोजकांना भीती होती. त्या क्षेत्राच्या इतिहासात हा प्रसंग ‘थोर बहिष्कार’ म्हणून आजही चवीने सांगितला जातो. बहिष्कार या शब्दाचा अर्थ ज्यांना जन्माबरोबर कळतो, त्यांना ही चव जरा विचित्र वाटेल. ते सहाही जण गोरे होते. पुढे त्यांतले काही जण नामांकित लेखक आणि संपादक झाले.

काळी माणसे तेव्हा कोठे होती? होती. डिसेंबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कला ‘सायन्सिअर्स’ नावाचे विज्ञानकथाप्रेमींचे मंडळ निघाले. असल्या मंडळांपैकी हे अगदी आरंभीचे. त्याचा पहिला अध्यक्ष वॉरन फिट्झजेराल्ड हा काळा होता आणि सभा हार्लेममध्ये त्याच्या घरी भरत. म्हणजे या चळवळीचा पाया घालताना एका काळ्या माणसाचे घर उपयोगी पडले. नंतरच्या आठवणींत मात्र त्याच्या वाट्याला एखाद-दुसरी ओळच आली.

आणखी एक गोष्ट तर आपल्या लोकनाट्यात शोभावी अशी आहे. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातील हौशी पत्रिकांतून कार्ल ब्रँडन नावाचा काळा लेखक लिहू लागला. त्याचे विनोदी लेखन लोकांना आवडले. पुढे उघड झाले, की असा कोणी माणूसच नाही. टेरी कार आणि पीटर ग्रॅहॅम या गोऱ्या तरुणांनी मित्रांच्या मदतीने तो रचला होता. या मंडळींचा सगळा व्यवहार टपालाने चाले, आणि पाकिटाला कातडी नसते. म्हणून ‘आम्ही रंग पाहत नाही’ असे ते अभिमानाने सांगत. मला यात दिसते ते वेगळेच. जो नव्हताच त्या काळ्या माणसाचे स्वागत झाले. तो टेबलाशी येऊन बसणार नव्हता, हे त्या स्वागताला फार सोयीचे होते.

सॅम्युएल डिलेनी मात्र येऊन बसला. १९४२ साली जन्मलेला हा हार्लेमचा मुलगा. आजोबा गुलामीत जन्मले आणि पुढे बिशप झाले. बापाचा अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय होता. डिलेनीची पहिली कादंबरी १९६२ साली, विशीतच प्रसिद्ध झाली. ‘बॅबेल-१७’ या भाषेविषयीच्या कादंबरीला नेब्युला पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक विज्ञानकथालेखकांची संघटना आपल्या सभासदांच्या मतांनी देते. लगोलग, १९६७ साली, त्याची ‘नोव्हा’ ही कादंबरी जॉन कॅम्पबेल या संपादकाकडे क्रमशः छापण्यासाठी गेली. कॅम्पबेल म्हणजे या क्षेत्रातला दादा माणूस. १९३७ पासून १९७१ साली मरेपर्यंत एकाच मासिकाची गादी चालवली. ‘नोव्हा’चा नायक लॉर्क फॉन रे हा सेनेगाली आईचा आणि नॉर्वेजियन बापाचा मुलगा. कॅम्पबेलने कादंबरी परत केली. कारण काय, तर काळ्या नायकाशी आपले वाचक समरस होणार नाहीत. स्वतः संपादकाची तक्रार नव्हती. वाचकांची होती, आणि वाचक तर तेथे हजर नव्हते. ‘आम्हांला काही नाही हो, पण गावकरी ऐकणार नाहीत’ हे वाक्य इंग्रजीतही असते तर. त्याच कॅम्पबेलने त्या दशकात आपल्या संपादकीयांतून वर्णविभाजनाची भलामण केली होती, हे येथे नोंदवले पाहिजे. ‘नोव्हा’ १९६८ साली पुस्तकरूपाने आली आणि अजून वाचली जाते.

मार्च १९६८ मधील नेब्युलाची मेजवानी डिलेनीने स्वतः लिहून ठेवली आहे. त्या रात्री त्याला दोन पारितोषिके मिळाली: एक कादंबरीसाठी, दुसरे कथेसाठी. व्यासपीठावरून एका मान्यवराने नव्या, क्लिष्ट लेखनावर तोंडसुख घेतले; रोख कोणावर होता हे सर्वांना कळत होते. वातावरण ताणलेले. अशा वेळी आयझॅक असिमोव्ह डिलेनीकडे झुकला आणि हसत म्हणाला, की तू निग्रो आहेस म्हणूनच आम्ही तुला ही पारितोषिके दिली. असिमोव्ह स्वतः रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला, उदारमतवादी. तो थट्टा करीत होता, ताण हलका करू पाहत होता, हे डिलेनीने जाणले आणि तसे स्पष्ट लिहिले. पण थट्टा समजायची तर तिच्यामागचा संशय दोघांनाही आधीच ठाऊक असावा लागतो. गुणवत्तेने पहिला आलेल्या आपल्या मुलाला वर्गमित्र हसत हसत ‘तुझं काय बाबा, सरकारचा जावई’ असे म्हणतात, तेव्हा त्यांच्याही मनात वाईट नसते.

आता ते टेबल. १९९८ साली डिलेनीने विज्ञानकथेतील वर्णद्वेषावर एक निबंध लिहिला. त्यात मॅसॅच्युसेट्समधील रीडरकॉन या संमेलनाचा प्रसंग आहे. सह्यांच्या तासाला त्याच्याबरोबर नॅलो हॉपकिन्सन हिला बसवले होते. ही जमैकात जन्मलेली, कॅनडात राहणारी काळी लेखिका. तिची पहिली कादंबरी त्याच वर्षी आली होती. तिच्याशेजारी बसण्याबद्दल डिलेनीची काडीचीही तक्रार नव्हती. त्याचा प्रश्न व्यवस्थेला होता. ऑक्टेव्हिया बटलर आणि तो यांना अनेकदा एकत्र बोलावले गेले. बटलर मोलकरणीची मुलगी. मागच्या दाराने घरात शिरणाऱ्या आईला पाहत ती वाढली. तिने डिलेनीच्या हाताखाली कार्यशाळा केली होती, पण दोघांच्या लेखनात साम्य जवळपास नाही, आणि हे दोघेही जाणत. उलट १९८०च्या दशकात गाजलेल्या सायबरपंक लेखकांवर डिलेनीचा प्रभाव समीक्षक आणि ते लेखकही मानीत. त्यांच्या परिसंवादात मात्र त्याला क्वचितच बसवले गेले. प्रभाव लेखनाचा, आणि जागा कातडीची!

दारातून परत पाठवणे हा बहिष्कार सर्वांना दिसतो. त्याविरुद्ध सत्याग्रह करता येतो. दार उघडल्यानंतर सुरू होते ती पंगत. पान मिळते, वाढपी नम्र असतो, वर आग्रहही करतो. फक्त पान कोठे मांडायचे, हे आधीच ठरलेले असते. एका संमेलनाला मला बोलावले गेले ते ‘दलित साहित्य: आज आणि उद्या’ या परिसंवादासाठी. त्या सुमारास मी लावणीच्या छंदांवर लिहीत होतो. छंदांवरचा परिसंवाद शेजारच्याच मंडपात होता. आम्हां चार वक्त्यांच्या लेखनातले साम्य शोधायचे म्हटले, तर ते फक्त जातीच्या दाखल्यात सापडले असते. आत्मकथनांचे मोल मी कमी लेखत नाही. त्यांनी मराठी भाषेला नवे रक्त दिले. परंतु आमच्याकडून फक्त कालची गोष्ट मागायची आणि उद्याची गोष्ट दुसऱ्यांनी लिहायची, ही श्रमविभागणी कोणी केली?

मग वेगळी चूल मांडावी काय? १८८५च्या ग्रंथकार सभेला न येण्याचे कळवणारे जोतीरावांचे पत्र आपल्याला माहीत आहे. १९५८ साली दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले, अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. अमेरिकेतील काळ्या आणि इतर गोरेतर लेखकांनी मधला मार्ग काढला. १९९९ साली त्यांनी संस्था स्थापली आणि तिला नाव दिले कार्ल ब्रँडन सोसायटी! थट्टेतला तो माणूस त्यांनी दत्तक घेतला. संमेलने सोडली नाहीत. त्यांतच आपली बैठक मांडली. २००६ साली बटलर वारली, तेव्हा गोरेतर नवलेखकांना कार्यशाळेला जाता यावे म्हणून या संस्थेने तिच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. खर्चाअभावी मागे राहणारी मुले कोणाची असतात, हे त्यांना सांगावे लागले नाही.

डिलेनीच्या निबंधातील एक भाकीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. काळे लेखक एक-दोन आहेत तोवर पूर्वग्रह सौम्य राहील; ते तेरा, पंधरा, वीस टक्के होऊ लागले की तो उघडा पडेल. राखीव जागा रिकाम्या राहत तोवर आपल्याकडेही पुष्कळ लोक उदार होते. जून २०१३ मध्ये एन. के. जेमिसिन ही काळी लेखिका मेलबर्नच्या कंटिन्युअम संमेलनात सन्माननीय पाहुणी होती. लेखक-संघटनेच्या अध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या एका वर्णद्वेष्ट्याला सुमारे दहा टक्के मते पडली, याचा तिने भाषणात उल्लेख केला. आणि त्या दहा टक्क्यांपेक्षा गप्प बसणाऱ्या उरलेल्यांना अधिक धारेवर धरले. त्या गृहस्थाने तिला अर्धरानटी ठरवणारे उत्तर प्रसिद्ध केले. ऑगस्टमध्ये संघटनेने त्याला काढून टाकले. पुढे २०१५ साली ह्यूगो पारितोषिकांवर एका गटाने ठरवून नामांकने लादली. सभासदांनी पाच विभागांत ‘कोणालाही नाही’ असे मत देऊन ती उधळून लावली. जेमिसिनला २०१६, २०१७, २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षे कादंबरीचे ह्यूगो मिळाले. गोऱ्यांतही हे कोणाला जमले नव्हते. डिलेनीला लेखक-संघटनेने २०१३ सालचा ‘ग्रँड मास्टर’ हा सर्वोच्च सन्मान दिला, तेव्हा तो सत्तरी ओलांडून गेला होता.

राहिला पुतळ्यांचा आणि नावांचा प्रश्न. जागतिक अद्भुतकथा पारितोषिक म्हणून एच. पी. लव्हक्राफ्टचे मुंडके दिले जाई. या लेखकाने काळ्यांचा मनस्वी तिरस्कार केला, त्यावर कविताही रचली. २०११ साली ते मुंडके नायजेरियन आईबापांची मुलगी नेडी ओकोराफोर हिच्या घरी आले. तिने आपली अस्वस्थता जाहीर लिहिली. २०१५ साली ती प्रतिमा बंद करण्यात आली. कॅम्पबेलच्या नावाने नवलेखकांना पारितोषिक दिले जात असे. १८ ऑगस्ट २०१९ रोजी डब्लिनच्या जागतिक संमेलनात हाँगकाँगला जन्मलेल्या जेनेट इंगने ते स्वीकारताना व्यासपीठावरूनच कॅम्पबेलला फॅसिस्ट म्हटले. २७ ऑगस्टला पारितोषिकाचे नाव बदलल्याचे जाहीर झाले.

नऊ दिवस. ते पारितोषिक एका मासिक-कंपनीचे, आणि आपले ते विद्यापीठ; तेव्हा दोन्ही एका तराजूत घालता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा होता, आणि फलकावर बाबासाहेबांचे नाव १४ जानेवारी १९९४ रोजी लागले, तेही ‘मराठवाडा’ कायम ठेवून. दरम्यान मराठवाड्यात किती घरे जळाली, हे या पानांच्या वाचकांना सांगावयास नको.