बाजार व्याप्ती

शेअर बाजारातील तेजी किंवा मंदी किती कंपन्यांच्या समभागांत पसरली आहे, याच्या मोजमापास बाजार व्याप्ती असे म्हणतात. बाजाराचा कल पालटण्याची पूर्वचिन्हे ओळखण्यासाठी तांत्रिक विश्लेषणात तिचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

सेन्सेक्समध्ये ३०, तर निफ्टी ५० मध्ये ५० कंपन्यांचा समावेश असतो. दोन्ही निर्देशांकांत मोठ्या बाजारमूल्याच्या कंपन्यांना अधिक भार मिळतो. त्यामुळे मोजके मोठे समभाग वधारले, तर इतर बहुसंख्य समभाग घसरत असतानाही निर्देशांक चढू शकतो. केवळ निर्देशांक पाहणाऱ्या गुंतवणूकदाराच्या ही विसंगती लक्षात येत नाही.

प्रमुख निर्देशक

* चढ-उतार रेषा : दररोज वधारलेल्या समभागांच्या संख्येतून घसरलेल्या समभागांची संख्या वजा करून येणारी बाकी आदल्या दिवसापर्यंतच्या बेरजेत मिळवली जाते. १,२०० समभाग वधारले व ९०० घसरले, तर रेषा ३०० अंकांनी वर जाते.
* मॅक्लेलन ऑसिलेटर : शर्मन व मॅरियन मॅक्लेलन या दांपत्याने १९६९ मध्ये तो मांडला. वरील दैनिक बाकीच्या १९ व ३९ दिवसांच्या घातांकी सरासरींतील फरक तो दर्शवतो.
* नवे उच्चांक व नीचांक : ५२ आठवड्यांतील उच्चांक आणि नीचांक गाठणाऱ्या समभागांच्या संख्यांची तुलना.

कलबदलाचे संकेत

निर्देशांक नवा उच्चांक गाठत असताना चढ-उतार रेषा खाली वळल्यास त्यास विचलन म्हणतात. तेजीचा पाया अरुंद झाल्याचे ते लक्षण मानले जाते. याउलट, निर्देशांक नवा नीचांक गाठूनही घसरणाऱ्या समभागांची संख्या कमी होत गेल्यास मंदी ओसरत असल्याचा अंदाज बांधला जातो.

अमेरिकेत ११ जानेवारी १९७३ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक १,०५१.७० या उच्चांकावर बंद झाला. न्यूयॉर्क शेअर बाजाराची चढ-उतार रेषा मात्र १९७२ मध्येच खाली वळली होती. डिसेंबर १९७४ पर्यंत डाऊ जोन्स ५७७.६० पर्यंत, म्हणजे सुमारे ४५ टक्के घसरला.

मर्यादा

विचलनावरून घसरणीची निश्चित वेळ सांगता येत नाही. न्यूयॉर्कची चढ-उतार रेषा एप्रिल १९९८ मध्ये खाली वळली. एस अँड पी ५०० निर्देशांकाने मात्र मार्च २००० मध्ये उच्चांक गाठला. तसेच या रेषेत कंपनीच्या लहानमोठेपणाचा विचार होत नाही. म्हणून व्याप्तीचे निर्देशक स्वतंत्र भाकीत म्हणून न वापरता किंमत व उलाढाल यांच्या जोडीने अभ्यासले जातात.