बासष्ट पेट्या

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेमथच्या उपसागरात, ‘अर्ल ऑफ ॲबरगव्हेनी’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज सुमारे १६ मीटर खोलीवर पडून आहे. पाणबुड्यांच्या लेखी ही खोली काहीच नाही. पण पाणी गार. भर उन्हाळ्यातही जाड सूट लागतो, आणि तळचा गाळ उठला की आपलाच पंजा दिसेनासा होतो. मग लाकूड बोटांनी ओळखायचे.

जहाज निघाले होते बंगालला, तिथून पुढे चीनला. ५ फेब्रुवारी १८०५ रोजी पोर्टलंडच्या आडोशाला येण्यासाठी त्याने आरकाटी घेतला. वारा पडला, आणि पाण्याच्या ओढीने जहाज शॅम्बल्सच्या उथळ दांड्यावर चढले. काही वेळाने सुटले खरे, पण तोवर तळ फुटला होता. रात्री अकराच्या सुमारास ते बुडाले, तेही उभेच. डोलकाठ्यांची टोके पाण्यावर राहिली. त्यांना बिलगून थंडीत तग धरलेले कित्येक वाचले. चारशेपैकी अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्यांत हिंदुस्थानात निघालेले शिपाईही होते. त्याच आठवड्यांत लेकच्या फौजा भरतपूरच्या तटाशी अडल्या होत्या, होळकरांशी युद्ध चालू होते.

कप्तान जॉन वर्ड्सवर्थ, वय ३२, हा कवी विल्यमचा धाकटा भाऊ. आपण कमवावे आणि विल्यमने निवांत लिहावे, हा त्याचा बेत. या सफरीत घरच्यांचेही पैसे गुंतले होते. बंगाल-चीन मार्गावरचा खरा नफा अफूत होता, हे त्या निसर्गकवितेच्या शेजारी ठेवून वाचताना मला दर वेळी अवघडल्यासारखे होते.

कप्तानाने होड्या का सोडल्या नाहीत, अशी कुजबुज सुरू झाली. विल्यमला ती सहन होईना. चार्ल्स लॅम तेव्हा कंपनीच्या लंडनच्या कचेरीत कारकून होता. त्याने वाचलेल्यांना गाठले, विचारपूस केली आणि मिळाले ते मित्राला कळवले. निबंधकार लॅम आपल्याला ठाऊक असतो. हा जबान्या गोळा करणारा लॅम फारसा ठाऊक नसतो.

कंपनीला चिंता वेगळी होती. जहाजावर चांदीच्या डॉलरांच्या ६२ पेट्या होत्या. जॉन ब्रेथवेट पाण्यात उतरण्याचे यंत्र घेऊन आला, सुरुंगाच्या दारूने डेक फोडला आणि १८०७ पर्यंत पेट्या वर काढल्या. जॉनचे प्रेत सहा आठवड्यांनी सापडले. वाइक रेजिसच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. पुढच्याच वर्षी विल्यमने पील कॅसलच्या चित्रावरची शोककविता लिहिली.

जहाजावर चिनी खलाशीही होते, घरी परतणारे. त्यांच्यासाठी लॅमसारखा कोणी फिरला नाही.

१९८० च्या दशकात हौशी पाणबुड्यांनी सुट्टीच्या दिवशी उतरून त्या लाकडांची मोजमापे घ्यायला सुरुवात केली. चांदी केव्हाच गेली होती. ते फासळ्या मोजत होते.