औषधखरेदीचे प्रशासन : पापुआ न्यू गिनीचा धडा

शासकीय खरेदीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टींची चर्चा होते : दर आणि भ्रष्टाचार. दर कमी आला तर खरेदी चांगली झाली आणि चौकशी लागली नाही तर ती स्वच्छ झाली, असे आपण मानून चालतो. औषधांच्या बाबतीत ही मोजपट्टी किती अपुरी पडते, हे समजून घेण्यासाठी पॅसिफिक महासागरातील पापुआ न्यू गिनी या देशाच्या अलीकडच्या इतिहासाकडे पाहणे उपयोगी ठरेल.

ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनाखालून हा देश १६ सप्टेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला. आठशेहून अधिक भाषा, शेकडो बेटे आणि मध्यभागी दुर्गम पर्वतरांगा. राजधानी पोर्ट मोर्स्बी आणि दुसरे मोठे शहर लाए यांना जोडणारा रस्ता आजही नाही. मालाची ने-आण विमानाने किंवा जहाजाने होते आणि अखेरचा टप्पा होडीने वा पायी पार पडतो. अशा देशात आरोग्यसेवा खेड्यात पोहोचवायची कशी? दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील आरोग्य संचालक डॉ. जॉन गंथर यांनी याचे व्यवहारी उत्तर शोधले. डॉक्टर मिळत नाहीत, तर स्थानिक तरुणांना थोडे प्रशिक्षण देऊन गावोगावच्या 'एड पोस्ट'वर नेमावे. टोक पिसिन भाषेत लोक त्यांना 'डोक्टा बोई' म्हणू लागले. जखम बांधणे, हिवतापाच्या गोळ्या देणे, गंभीर रुग्णाला पुढे पाठविणे, एवढेच त्यांचे काम. परंतु या योजनेचा सारा डोलारा एका गोष्टीवर उभा होता : त्या खोलीतील फळीवर औषध असले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर हीच फळी रिकामी राहू लागली. खरेदी राजधानीत होई, माल क्षेत्रीय भांडारांत जाई आणि तेथून प्रांतांनी तो खेड्यांत पोहोचवायचा असे. १९९५ च्या मूलभूत कायद्याने ग्रामीण आरोग्यसेवेची जबाबदारी प्रांतिक व स्थानिक सरकारांकडे गेली. रुग्णालये आणि औषधखरेदी मात्र केंद्राकडेच राहिली. म्हणजे औषध विकत घेणारा एक, ते वाहून नेणारा दुसरा आणि ते नाही म्हणून रुग्णाची बोलणी खाणारा तिसरा. तिघांच्या फायली वेगवेगळ्या आणि तिघांचे वरिष्ठही वेगवेगळे. आपल्याकडील कोणत्याही जिल्हा भांडाराचे काम पाहिलेल्या अधिकाऱ्याला हे चित्र परके वाटणार नाही.

औषधपुरवठ्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत खालच्या केंद्राने साठा मोजायचा, खप पाहायचा आणि मागणीपत्रक पाठवायचे. त्याप्रमाणे माल येतो. दुसरीत वरून ठरावीक औषधांची तयार पेटी सर्वांना सारखीच पाठविली जाते. पहिली पद्धत शास्त्रशुद्ध खरी, पण तिला नोंदी, प्रशिक्षण आणि दळणवळण लागते. पेटीला यातले काहीच लागत नाही. तिचा दोषही त्यातच आहे. किनाऱ्यावरील दमट खेड्यात हिवताप जास्त, उंच डोंगरावर तो कमी; पेटी मात्र दोन्हीकडे एकच. एके ठिकाणी औषध पहिल्या महिन्यात संपते, तर दुसरीकडे ते मुदतबाह्य होऊन पडून राहते.

तरीही नाइलाजाने पेटीचाच आधार घ्यावा लागला. औषधांचा तुटवडा तीव्र झाल्यावर २०११ पासून ऑस्ट्रेलियाच्या मदत-संस्थेने स्वतः पेट्या खरेदी करून त्या ग्रामीण आरोग्य केंद्रांपर्यंत व एड पोस्टपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था केली. सरकारी साखळी बाजूला ठेवून उभारलेली ही समांतर वाहिनी होती. तिने काम केले, यात शंका नाही. वर्षानुवर्षे रिकाम्या असलेल्या फळ्या भरल्या. मात्र ही वाहिनी चालू असताना सरकारच्या खरेदी विभागाची पात्रता किती वाढली, हा प्रश्न मागेच राहिला.

त्याचे उत्तर २०१३ मध्ये मिळाले. पेट्यांचे कंत्राट देण्याचे काम तेथील सरकारने आपल्या निविदा यंत्रणेमार्फत केले. आंतरराष्ट्रीय गुणवत्ता प्रमाणपत्र नसलेल्या पुरवठादाराला हे कंत्राट गेले, म्हणून ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१३ मध्ये या कार्यक्रमातून अंग काढून घेतले. सुमारे ३ कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची मदत थांबली. देशातील ज्येष्ठ डॉक्टरांनीही या कंत्राटाविरुद्ध जाहीरपणे आवाज उठविला.

येथे प्रशासकापुढे खरा पेच उभा राहतो. आपल्या करदात्यांचा पैसा संशयास्पद खरेदीत जाऊ देणार नाही, ही देणाऱ्याची भूमिका योग्यच होती. आमच्या देशाची खरेदी आम्ही करू, ही घेणाऱ्याची भूमिकाही तत्त्वतः गैर नव्हती. पण दोन सरकारांच्या या वादात एड पोस्टवर ताप आलेले मूल घेऊन आलेल्या आईची बाजू मांडणारे कोणी नव्हते. निविदेच्या फाईलवर तिच्यासाठी रकानाच नसतो. आणि फाईलवर रकाना नाही, त्याची जबाबदारीही कोणाची नाही.

याचा निष्कर्ष असा काढता येईल का, की खरेदी कायमची बाहेरच्या संस्थांकडेच द्यावी? मच्छरदाण्यांचा इतिहास या निष्कर्षापासून सावध करतो. ग्लोबल फंडाच्या पैशातून कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्यांचे देशभर वाटप झाले आणि 'रोटरी अगेन्स्ट मलेरिया' या संस्थेने ते काम निष्ठेने केले. घरोघरच्या पाहणीत हिवतापाचे जंतू आढळण्याचे प्रमाण २००८-०९ मधील ११.१ टक्क्यांवरून २०१३-१४ मध्ये ०.९ टक्क्यांवर आले. हे लक्षणीय यश होते. पण २०१६-१७ मध्ये तेच प्रमाण ७.१ टक्के झाले. निधीतील कपात, औषधांचा तुटवडा अशी त्याची अनेक कारणे होती. २०२० मध्ये एका शोधनिबंधातून आणखी एक संभाव्य कारण पुढे आले. २०१३ नंतर तयार झालेल्या नव्या, न वापरलेल्या मच्छरदाण्या तपासल्या, तेव्हा त्यांपैकी बहुसंख्य डास मारण्याच्या निकषाला पूर्णपणे उतरल्या नाहीत. त्यापूर्वीच्या मात्र उतरल्या होत्या. येथे प्रक्रिया नियमानुसार होती, उत्पादनाला जागतिक मान्यता होती, कागद पूर्ण होते. नव्हती ती देशात आल्यावर नमुना काढून पाहण्याची नियमित पद्धत.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की धडा स्पष्ट होतो. एकीकडे प्रमाणपत्राशिवाय खरेदी झाली आणि विश्वास गेला. दुसरीकडे प्रमाणपत्रावर विसंबून खरेदी झाली आणि गुणवत्तेकडे लक्ष राहिले नाही. प्रमाणपत्र हा खरेदीचा उंबरठा आहे, तिचा शेवट नव्हे.

भारतालाही या वाटेने जावे लागले आहे. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याच्या पाच आरोग्य प्रकल्पांतील खरेदीची तपासणी जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा गैरव्यवहाराची गंभीर चिन्हे समोर आली. त्या काळात आपणही संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला खरेदीसाठी मध्यस्थ म्हणून नेमले. परंतु आपण तेथेच थांबलो नाही. २०१२ मध्ये केंद्राने सेंट्रल मेडिकल सर्व्हिसेस सोसायटी स्थापन केली. त्यापूर्वीच १९९४ मध्ये तामिळनाडूने वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून मार्ग दाखविला होता. प्रत्येक रुग्णालयाला त्याच्या वार्षिक वाट्याचे पासबुक, जिल्हावार गोदामे आणि आलेल्या प्रत्येक खेपेचा नमुना उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळेत. यात क्रांतिकारक असे काहीच नाही. पण मागणी खालून आली, तपासणी वर झाली आणि दोन्हींची नोंद राहिली. केंद्राच्या वा राज्यांच्या सर्वच संस्था या कसोटीला उतरतात, असा माझा दावा नाही; पण उणीव दिसली तर जाब कोणाला विचारायचा, हे तरी ठरलेले असते.

पापुआ न्यू गिनीतही हालचाल झाली आहे. २०१८ च्या कायद्याने जुन्या केंद्रीय पुरवठा व निविदा मंडळाच्या जागी राष्ट्रीय खरेदी आयोग आला. सर जॉन पुंडारी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय लोकलेखा समितीने औषधखरेदीची जाहीर सुनावणी घेतली. प्रश्न विचारणारे त्याच देशाचे होते आणि उत्तरे देणारेही. मदतीच्या पैशाने हे विकत मिळत नाही.

म्हणून दात्यांच्या प्रत्येक खरेदी-साहाय्याच्या करारात एक प्रश्न पहिल्या दिवशीच लिहिला जावा : आम्ही निघून गेल्यावर मागणीपत्रक कोण भरेल, नमुना कोण तपासेल आणि गोदामाची किल्ली कोणाकडे असेल? या तीन जागांवर स्थानिक माणसांची पदे मंजूर नसतील, तर आपण फक्त पेट्या विकत घेत आहोत. पेट्या संपतात. मग त्या एड पोस्टवरील माणसाने रुग्णाला काय सांगायचे?